सारोळ्याच्या बाजारातली ओटी

“हौसा, आज तू मुरलीबरोबर सारोळ्याच्या बाजाराला जा,” सासूबाई म्हणाल्या. मी करंज्यांच्या डब्याला झाकण लावत होते, ते हातातच राहिलं.

“मी? बाजाराला?”

“अगं, त्याला हाताखाली कुणी नको का? दोऱ्या सोडायच्या, रंग काढून द्यायचे. एकटा किती करेल?”

एकटे इतकी वर्षं करत होतेच की हे! आम्ही बार्शीचे कासार, बांगड्यांचा धंदा. बायकांनी दुकानात बसायचं, पुरुषांनी आठवड्याच्या बाजारांना जायचं, ही आमच्या घरातली रीत. ती त्या दिवशी मोडली, कारण दुपारी माझ्या धाकट्या जावेचं, विमलचं, डोहाळजेवण होतं.

माझी सासू म्हणजे काय सांगू! तिनं दुधाच्या पातेल्याकडे नुसतं बघितलं तर साय आपण होऊन बाजूला सरकायची. त्या घरात माझ्यासारखीनं काय लपवायचं?

“बायका ओटी भरायला दुपारीच येतील ना, आत्याबाई?” मी विचारलं.

“हं.”

“म्हणजे आम्ही येईपर्यंत सगळं उरकलेलं असेल.”

“उरकायचं काय त्यात,” त्या डब्याकडे बघत म्हणाल्या. “तू सावकाश ये. ऊन उतरल्यावर निघा.”

करंज्या माझ्या हातच्या चालत होत्या. सारण मी केलं, कडा मी मुरडल्या, तळून मी काढल्या. फक्त त्या खाताना मी घरात असायला नको होते. माझी तीन गेली होती ना! पहिलं आत्ता कुठे कोरड्या उलट्या सुरू झाल्या तेवढ्यात गेलं. दुसरं हालचाल करायला लागलं होतं. तिसऱ्याच्या वेळी हिरवा चुडा भरला, ओटी भरली, झोपाळा फुलांनी मढवला, आणि ते जन्माला आलं ते निजलेलंच.

आमचे हे. नाव मुरलीधर. तेव्हा नाव घ्यायची सोय नव्हती, आता घेते, मुरलीधर, मुरलीधर, मुरलीधर. तर हे असे कासार की लोण्याच्या गोळ्याला बांगडी भरतील आणि लोण्यावर ओरखडा उठणार नाही. पण घरात बोलायचं म्हणजे शब्दाला जकात बसते की काय असं वागणं. पहिलं गेलं तेव्हा मी अंथरुणात हळूच म्हटलं होतं, “मुलगी असती तर रत्ना म्हटलं असतं.” हे भिंतीकडे वळले. दुसऱ्या वेळी म्हटलं, “किसन ठेवलं असतं.” तर म्हणाले, “नावं ठेवत बसू नकोस.” आणि तिसरी मुलगी, ती तर मी पाहिली. एवढीशी. मी म्हटलं, “चिमी गं माझी.” ह्यांनी तिला फडक्यात गुंडाळून नेलं, परत आले, पाय धुतले, आणि बांगड्यांचे रंग वेगळे करत बसले. लाल लाल, हिरव्या हिरव्या. डोळ्यांत टिपूस नाही. मला वाटलं, ह्या माणसाच्या छातीत काच भरलीय.

तर त्या सकाळी मी पिशवी घेऊन निघाले, आणि ह्यांचा चेहराच उतरला.

“तू कशाला? ऊन फार असतं तिकडे.”

“तुमच्या आईला विचारा.”

आईला विचारायची ह्यांची टाप नव्हती. गुपचूप पेटी उचलली. त्या वेळची सारोळ्याची एस्टी अशी खडखडायची की ठार बहिरा माणूस चढला तर ऐकू येऊनच खाली उतरायचा. त्या खडखडाटात हे एकदाच बोलले. “तिथं गेल्यावर तू देवळात बस. सावली असते. दुकान मी बघतो.”

“मग मला हाताखाली कशाला धाडलंय?”

“तरी पण.”

मला वाटलं, घरात नको आणि बाजारातही नको. मी कुठं बसायचं तेवढं तरी सांगा. पण म्हटलं नाही. देवळातही गेले नाही.

सारोळ्याला एका कडुनिंबाखाली ह्यांची बैठक. एकीकडे वांगी-मिरच्यांचे ढीग, दुसरीकडे चपला शिवणारा. ह्यांनी पोतं पसरलं, दोऱ्या झाडाच्या खिळ्यांना अडकवल्या, आणि काय सांगू तुम्हाला, माझा नवरा बदलला! “या आक्का, या! काय गं सुंदरे, मागच्या बाजाराला भरलेल्या कुठं गेल्या? नवऱ्याच्या डोक्यात घातल्यास का?” बायका खिदळतायत, हे हसतायत. मी दोरी सोडता सोडता बघतच राहिले. घरी आठवड्यात जेवढे शब्द निघायचे तेवढे इथं एका हाताला बांगड्या भरताना सांडत होते.

ऊन चढलं तशी एक धिप्पाड म्हातारी आली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, मागे पोट पुढं आलेली एक तरणी पोर. म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“कासारमामा, ही कोण?”

हे एका बाईच्या हाताला चुडा चढवत होते. मान वर केली नाही.

“घरचीच,” पुटपुटले.

“अगं बया! म्हंजी आमची मामी? रत्नीची आय?” म्हातारीनं माझ्या हनुवटीला हात लावून बोटं मोडली. “मी ठकूबाई. तुज्या पोरांचं सगळं ठावं हाय मला. रत्नी शाळंत जाती का गं आता? आन् किसन्याचं गळू बसलं का?”

कट्ट! ह्यांच्या हातात बांगडी तडकली. आमच्यात फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण ह्यांच्या हातून गिऱ्हाईकाच्या मनगटावर बांगडी वाढलेली मी जन्मात पाहिली नव्हती. त्या बाईच्या हातावर रक्ताचा थेंब आला.

“असू दे, असू दे,” ठकूबाई म्हणाली. “बायकू बाजूला बसली की हात कापतोच गड्याचा!”

सगळ्या हसल्या. रत्नी. ते नाव मी फक्त उशीत तोंड खुपसून घेतलं होतं. आणि आता भर बाजारात, वांग्यांच्या ढिगाशेजारी, एक अनोळखी बाई ते मोठ्यानं घेत होती. नुसतं घेत नव्हती, त्या नावाला शाळेत घालत होती!

तोंडाशी आलं होतं माझ्या. कुठली रत्नी? हा माणूस खोटं बोलतोय. एवढं म्हणायचा अवकाश, ह्यांचा बाजार त्या दिवशी कायमचा उठला असता. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. कुत्रं काठी उगारलेल्या माणसाकडे बघतं तसं.

पण मला आणखी ऐकायचं होतं हो.

“काय काय सांगितलंय ह्यांनी पोरांचं?” मी ठकूबाईला विचारलं.

“काय न्हाई सांगितलं ते इचार! रत्नी तुज्यागत नाकाची, किसन्या भाकरी पाण्यात बुडवून खातो, आन् धाकटी... काय गं तिचं नाव?”

“चिमी,” मागची तरणी पोर म्हणाली.

“चिमी. ती म्हनं बापाबिगर निजत न्हाई.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, असं आहे काय. मग घ्या. थापा मारायच्या तर माझ्याशी गाठ आहे.

“रत्नी शाळेत गेली, पण पहिल्याच दिवशी परत आली,” मी सुरू केलं. “म्हणाली, मास्तरांना पाढे येत नाहीत. मास्तर मागोमाग घरी आले, आणि ओट्यावर बसून तिच्याकडून सतराचा पाढा शिकून गेले!”

बायका फिदीफिदी हसल्या. चपला शिवणाऱ्यानं टोचा खाली ठेवला.

“आन् किसन्या?”

“किसन्याचं गळू फुटलं ते एवढ्या मोठ्यानं की शेजारच्यांची म्हैस दावं तोडून पळाली. अजून सापडली नाही!”

“आन् चिमी गं?”

आता मी ठकूबाईकडे बघत नव्हते.

“चिमी काय, तिचं एकच. रोज विचारते, आई, आबा घरात माझं नाव का घेत नाहीत? मी म्हणते, तुझे आबा मुके आहेत गं बाळा.”

“मुकं? मामा?” ठकूबाई पदराआड हसली. “हितं तर तोंडाचा पट्टा सरत न्हाई!”

“तेच तर. पट्टा सगळा इथंच सरतो. घरी माझ्या वाट्याला काही उरत नाही.”

ह्यांनी खाली मान घालून त्या बाईच्या हाताला हळद दाबली. “होईल,” म्हणाले. “बोलेन तिच्याशी.”

“कधी?”

“बोलेन.”

लोकांना वाटलं नवरा-बायकोचं लाडिक भांडण चाललंय.

मग ठकूबाईनं त्या पोरीला पुढं बसवलं. तिची सून, नाव पारू. सातवा लागला होता. ह्यांनी हिरवा चुडा निवडला. अंगठा आत दुमडून, हात मऊ करून, एकेक बांगडी अशी सरकवली की पोरीला कळलंही नाही. मघाचा कंप कुठल्या कुठे. चुडा भरून झाला तशी ती वाकून ह्यांच्या पाया पडली, रीतच आहे ती. आणि ह्यांनी आशीर्वाद दिला, “सुखरूप बाळंत हो.”

“दोन येळा गेलंय हिचं,” ठकूबाई माझ्या कानाशी म्हणाली. “तवा ह्या बारीला मी सगळं बघून करती. आन् बघ, देवच पावला. मामी, तू लेकुरवाळी बाई आयती दारात आलीयास. हिची वटी भर. तांदूळ, नारळ, खण, समदं हाय पिशवीत. आमच्या शेजारच्या इरेसकरांच्या सुनंला बोलवायची होती, पन तिचं बी एक गेलेलं हाय, मला न्हाई चालायचं. तुजी तिन्ही नांदत्यात.”

पारूनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी रोज आरशात बघत होते.

मी पदर खोचून उठले. तेवढ्यात ह्यांनी माझं मनगट धरलं. बाजूला ओढलं, झाडाच्या मागे.

“हौसा, नको.”

“काय नको?”

“काहीतरी सांग. घाई आहे म्हण. गाडी चुकेल म्हण.”

“का पण?”

ह्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “त्या पोरीचं काही झालं म्हणजे?”

मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं, सासूबाईंचं तसं आहे, शेजारणींचं तसं आहे, पण हा माणूस नुसता गप्प आहे. गप्प माणसाच्या मनात काहीही चांगलं आहे असं समजता येतं ना! आज कळलं, तो गप्प का होता.

“तुम्हालाही वाटतं,” मी म्हटलं. “माझ्या हातानं होतं म्हणून.”

“मला नाही वाटत. पण आई म्हणते. लोक म्हणतात. कशाला विषाची परीक्षा?”

“आत्ता तुम्ही तिला चुडा भरलात.”

“मग?”

“पोरं माझी एकटीची होती का? तुमच्या हातचा हिरवा चुडा चालतो. माझ्या हातचा नारळ चालत नाही?”

ह्यांनी मनगट सोडलं. त्या गोष्टीचा ह्यांनी कधी विचारच केला नव्हता, ते मला ह्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. पन्नास गावच्या बायकांना सातव्या महिन्याचा चुडा भरला असेल ह्या माणसानं, आणि एकदाही मनात आलं नाही की आपलाही हात तोच आहे.

मी गेले. पारूला हळदकुंकू लावलं. खण ठेवला, नारळ ठेवला, पाच वेळा ओंजळीनं तांदूळ घातले. बाजूच्या बायकांनी डोहाळ्याचं एक गाणं पण म्हटलं, मिरच्यांच्या खकाण्यात शिंकत शिंकत.

पारूनं ओटी सावरली आणि माझा हात घट्ट धरला. तिची सासू वांगीवालीशी घासाघीस करत होती तेवढ्यात हळूच विचारलं, “मामी, एक इचारू? तुमची तिन्ही ऱ्हायली कशी? काय केलंत तुमी? माझं काय चुकतंय?”

थापा मारायला माझ्याएवढी पटाईत बाई शंभर कोसांत नव्हती. सांगता आलं असतं काहीही. काळ्या गायीचं तूप घे, दक्षिणेला डोकं करून निजू नको, शुक्रवारी ताक पिऊ नको. तिनं सगळं ऐकलं असतं. मीही ऐकलं होतं की सगळं.

“मी काही केलं नाही गं,” मी म्हटलं. “आणि तूही काही केलेलं नाहीस. ज्यांची जातात ना, त्यांनी काही केलेलं नसतं.”

तिचं तोंड उघडं राहिलं. मग डोळे भरले. ठकूबाई परत आली तर म्हणाली, “ह्ये काय? लेकुरवाळीनं वटी भरली आन् रडती व्हय?”

परतीच्या गाडीत ह्यांनी पेटी आमच्या दोघांच्या मधे ठेवली होती. मी ती उचलून पायाशी ठेवली.

“कधीपासून चाललंय हे?”

खिडकीबाहेर बघत म्हणाले, “एका बाईनं विचारलं, मामा, पोरं किती. सातव्याचा चुडा ज्याच्या घरात पोरं नांदतात त्याच्याकडूनच भरतात तिकडे. म्हणून सांगितलं, एक आहे.”

“आणि मग?”

“मग दर बाजाराला विचारायची. काय सांगणार? वाढत गेलं.”

“धंद्यासाठी.”

“धंद्यासाठीच.”

“मग नावं दुसरी ठेवायची होती. गंगी, सोनी, काहीही.”

गाडी एका वळणावर एवढी कलली की सगळे प्रवासी एकमेकांच्या मांडीवर जाऊन बसले आणि परत आपापल्या जागी आले.

“दुसरी सुचली नाहीत,” शेवटी म्हणाले.

“ती माझी होती. मी तुम्हाला अंधारात सांगितली होती. तुम्ही भिंतीकडे वळलात.”

“ऐकत होतो.”

“मग चिमी कुणासारखी दिसते, तेवढं सांगा. ठकूबाईला सांगितलंत, मला सांगा.”

ह्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. मला वाटलं, आता. आता हा माणूस बोलणार. तेवढ्यात कंडक्टर ओरडला, “बार्शी, बार्शी!” आणि ह्यांनी वाकून पेटी उचलली.

घरी पोचलो तर झोपाळ्यावरची फुलं कोमेजली होती. विमल हिरव्या साडीत पाय पसरून बसली होती, शेजारच्या दोघीतिघी अजून गप्पा मारत होत्या. सासूबाईंनी माझ्यासाठी ताटलीत दोन करंज्या झाकून ठेवल्या होत्या. माझ्याच.

“झाला का बाजार?” त्यांनी विचारलं.

“झाला,” मी म्हटलं. “छान झाला. मी ओटी भरून आले.”

“काय?”

“सातव्या महिन्याची पोर होती. तिच्या सासूनं मला बसवून, मानानं ओटी भरायला लावली. माझ्या हातानं. विचारा ह्यांना.”

शेजारणींनी करंज्या खाली ठेवल्या. विमलनं पोटावर हात धरला. सासूबाईंनी लेकाकडे बघितलं. “काय रे मुरली? ही काय म्हणते?”

मी पण बघत होते. एक ‘हो’ म्हणायचं होतं. पुढचं नको, रत्ना नको, किसन नको, नुसतं हो.

हे पायावर पाणी घेत होते. हळूहळू, टाचा घासून.

“तिचं काय ऐकतेस, आई,” म्हणाले. “थापा मारते ती. सवयच आहे तिला.”

शेजारणी हुश्श करून हसल्या. विमल हसली. “वहिनी म्हणजे ना! भीतीच घातलीत की!” सासूबाई म्हणाल्या, “असली थट्टा करतात होय गं, सणासुदीची?” आणि करंज्यांची ताटली माझ्यापुढे सरकवली.

आज गल्लीतली झाडून सगळी मला थापाडी आजी म्हणतात. रत्नीनं मास्तरांना पाढे शिकवले, किसन्याच्या गळवानं म्हैस पळाली, चिमी वाऱ्यावर बसून सोलापूरला जाऊन आली, असलं ऐकायला पोरंसोरं माझ्या उंबऱ्यावर गर्दी करतात. नाव कुणी पाडलं ते त्यांना कुठं ठाऊक!

त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, एका बाजाराहून हे कागदाची पुडी घेऊन आले. माझ्याकडे न बघता कोनाड्यात ठेवली. सासूबाईंनी सोडली, आत पेढे. विमलचा बाळू तोवर मांडीवर खेळत होता.

“कुणाकडचे रे?”

“गिऱ्हाईकाकडचे. मुलगी झाली तिला, आता माहेराहून परत आली. दोघी बऱ्या आहेत.”

पारू! मी दारात उभी होते, हातातला तांब्या खाली ठेवला. म्हटलं, “मी ओटी भरली होती ना, ती पोर.”

सासूबाई पेढा तोंडात धरून हसायला लागल्या. विमल हसली. बाळूला काही कळत नव्हतं, पण सगळे हसतात म्हणून तोही हसला.

आणि मग हेही हसले.